धागा: वेल्स, वालोनिया, वालाखिया आणि अक्रोड – ‘वाल्ह’ या शब्दाचा माग

कोशवाचक

पोलिश भाषेत इटलीला ‘व्वोखी’ म्हणतात आणि हंगेरियनमध्ये ‘ओलासोर्साग’. इटालियन लोक स्वतःच्या देशाला ‘इतालिया’ म्हणतात, त्याच्याशी या दोन्ही नावांचं काही नातं नाही. नातं आहे ते ब्रिटनमधल्या वेल्सशी, बेल्जियममधल्या वालोनियाशी आणि रोमानियातल्या वालाखियाशी. कॉर्नवॉलमधला ‘वॉल’ आणि ‘वॉलनट’मधला ‘वॉल’ही त्याच कुळातले. युरोपच्या पश्चिम टोकापासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलेला हा एकच शब्द आहे. त्याचा माग नीट पुराव्यानिशी लावता येतो, म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात एका केल्टिक जमातीपासून होते. तिचं लॅटिन नाव ‘वोल्काए’. ज्युलियस सीझरने गॉलच्या युद्धावरच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात लिहिलंय, की या जमातीची एक शाखा हर्सिनियाच्या अरण्यालगत, म्हणजे ऱ्हाइनच्या पलीकडे, राहत होती. दुसऱ्या शाखा दक्षिण फ्रान्समध्ये, आजच्या तुलूझ आणि नीम शहरांच्या आसपास होत्या. जर्मानिक टोळ्यांचा शेजार होता तो अरण्यालगतच्या शाखेचा. शेजाऱ्याचं नाव पुढे सगळ्या केल्ट लोकांना लागलं, आणि केल्टांचे प्रदेश रोमन होऊन तिथे लॅटिन रुळल्यावर लॅटिन बोलणाऱ्यांनाही लागलं.

जर्मानिक भाषांच्या आद्यरूपात हा शब्द *वाल्हाझ असा मांडतात. (तारा म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, तुलनेने उभं केलेलं आहे.) ‘वोल्क’चं ‘वाल्ह’ झालं ते दोन नियमांनी. मूळ ‘क’चा जर्मानिकमध्ये ‘ह’ होतो: लॅटिन ‘कॉर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’, लॅटिन ‘केन्तुम्’, इंग्रजी ‘हंड्रेड’. आणि ऱ्हस्व ‘ओ’चा ‘अ’ होतो: लॅटिन ‘ओक्तो’, जर्मन ‘आख्ट’. इथे महत्त्वाचं हे, की ‘क’चा ‘ह’ हा बदल एका काळात घडून थांबला. त्याआधी उसना घेतलेला शब्दच त्यातून जाऊ शकतो. त्यामुळे जर्मानिक टोळ्यांनी हे नाव इसवी सनापूर्वीच उचललं होतं, सीझरने लेखणी हातात घेण्याच्या कितीतरी आधी.

रानवाट

उत्तम विषय. एक शंका. फ्रान्सचं जुनं नाव ‘गॉल’, फ्रेंचमध्ये ‘गोल’, आणि लॅटिन ‘गाल्लिया’. वेल्सला तर फ्रेंच लोक ‘पेई द गाल’ म्हणतात. मग हे सगळं ‘गाल्लिया’वरून आलं असं का मानू नये? ‘वाल्ह’ला मध्ये आणायची गरज काय?

कोशवाचक

@रानवाट, शंका अगदी योग्य जागी आहे. उत्तर फ्रेंचच्या ध्वनिनियमांत मिळतं.

लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी ‘गा’ असेल तर फ्रेंचमध्ये त्याचा ‘झ’ होतो. ‘गाम्बा’चं ‘झांब’ (पाय), ‘गाल्बिनुस’चं ‘झोन’ (पिवळा). त्या हिशेबाने ‘गाल्लिया’ तोंडातोंडी चालत आलं असतं तर आज ‘झाय’सारखं काहीतरी उरलं असतं. ‘गोल’ निघूच शकत नाही.

आता उलट बाजूने पाहा. जर्मानिकमधून फ्रेंचमध्ये आलेल्या शब्दांत आरंभीच्या ‘व’चा ‘ग’ होतो. ‘वेर्रा’चं ‘गेर’ (युद्ध), ‘वार्दोन’चं ‘गार्दे’ (राखणे). व्यंजनाआधीच्या ‘अल’चा ‘ओ’ होतो: लॅटिन ‘आल्बा’, फ्रेंच ‘ओब’ (पहाट). हे दोन्ही नियम ‘वाल्ह’ला लावले की थेट ‘गोल’ मिळतं. म्हणजे फ्रेंच लोकांच्या पूर्वजांच्या भूमीचं फ्रेंच नाव फ्रँक या जर्मानिक टोळ्यांनी दिलेलं आहे, आणि त्याचा अर्थ ‘परक्यांचा मुलूख’. ‘गाल्लिया’शी दिसणारं साम्य योगायोगाचं आहे. इतका फसवा योगायोग शब्दव्युत्पत्तीत क्वचित सापडतो.

वेल्सचं ‘गाल’, स्पॅनिश ‘गालेस’, इटालियन ‘गाल्लेस’ ही रूपंही याच ‘व’च्या ‘ग’ने झालेली.

अर्थमाग

इंग्लंडबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथे या शब्दाचा अर्थ कसा घसरला ते कायद्याच्या कागदांत दिसतं.

जुन्या इंग्रजीत एकवचन ‘वेआल्ह’, अनेकवचन ‘वेआलास’. अँग्लो-सॅक्सन लोक ब्रिटनमध्ये आले तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्यांना त्यांनी हे नाव दिलं. ‘वेल्स’च्या शेवटचा ‘स’ तोच अनेकवचनाचा. म्हणजे आधी ते माणसांचं नाव होतं, देशाचं नंतर झालं. ‘वेल्श’ हे त्याचं विशेषण. ‘कॉर्नवॉल’ (इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक) म्हणजे ‘कॉर्न’कडचे वेआलास. ‘कॉर्न’ हा तिथल्यांच्याच ‘केर्नोव’ या नावाचा अंश, मूळ अर्थ ‘शिंग’, कारण भूमी समुद्रात शिंगासारखी घुसलेली आहे.

वेसेक्सचा राजा इने (कारकीर्द ६८८ ते ७२६) याचे कायदे आल्फ्रेड राजाच्या कायद्यांना जोडून टिकले. त्यात माणूस मारला गेल्यास त्याच्या कुळाला द्यायची भरपाई ठरलेली आहे. साध्या इंग्रज शेतकऱ्याची भरपाई २०० शिलिंग. कर भरणाऱ्या वेआल्हची १२०. पाच हाइड (जमिनीचं जुनं इंग्रजी माप) जमीन असलेल्या वेआल्हची ६००, तर इंग्रजांच्या वरच्या वर्गाची १२००. राजाचे निरोप नेणाऱ्या घोडेस्वार वेआल्हला मात्र २००, म्हणजे साध्या इंग्रजाइतका मान.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, ७व्या शतकाच्या अखेरीस वेसेक्समध्ये जमीनदार वेआल्ह होते, राजाच्या चाकरीतही होते. सगळे मारले किंवा हाकलले गेले नव्हते. दोन, त्यांचा दर्जा साधारण निम्मा होता. पुढे वेसेक्सच्या बोलीत ‘वेआल्ह’चा अर्थ सरळ ‘गुलाम’ असाही होऊ लागला. म्हणून जुन्या मजकुरात हा शब्द आला की प्रत्येक वेळी ‘वेल्श माणूस’ असं भाषांतर करून चालत नाही. शेजारी जमीन, भरपाई, भाषा यांचा उल्लेख आहे का ते पाहून वंश की दर्जा हे ठरवावं लागतं.

उत्तरायण

जर्मन भाषेच्या प्रदेशात हा शब्द अजून जिवंत आहे, आणि तिथे तो रोमान्स भाषा बोलणाऱ्यांना, म्हणजे लॅटिनच्या लेकी बोलणाऱ्यांना, लागतो. स्वित्झर्लंडच्या जर्मन भागात फ्रेंच भागाला आजही ‘वेल्शश्वाइट्स’ म्हणतात.

९व्या शतकाच्या सुरुवातीची एक शब्दावली आहे, कासेलची शब्दावली म्हणून ओळखली जाते. लॅटिन आणि जुनी बव्हेरियन समोरासमोर. त्यात एक वाक्य: लॅटिनमध्ये ‘रोमन मूर्ख आहेत, बव्हेरियन शहाणे’, आणि शेजारी तेच बव्हेरियनमध्ये, जिथे ‘रोमन’च्या जागी ‘वाल्हा’ लिहिलंय. शेरा उर्मट आहे, पण त्या काळी शब्दाचा नेमका अर्थ काय होता याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

नकाशावर पाहायचं असेल तर आल्प्सच्या दोन्ही उतारांवर पाहा. स्वित्झर्लंडमध्ये वालेनझे सरोवर, बव्हेरियात वाल्खेनझे, साल्झबर्गजवळ वाल्स नावाचं गाव. ८व्या शतकाच्या अखेरच्या साल्झबर्गच्या नोंदींत या वाल्सला लॅटिनमध्ये ‘रोमन लोकांची वस्ती’ म्हटलंय आणि जोडीला ‘वाल्ख’ने सुरू होणारं जर्मन नाव दिलंय. इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये तर जोडगावं आहेत: डॉइच्नोफेन आणि वेल्श्नोफेन, जर्मनांचं नोफेन आणि वेल्शांचं नोफेन. इटालियनमध्ये त्यांनाच पश्चिमेचं नोव्हा आणि पूर्वेचं नोव्हा म्हणतात. आज वेल्श्नोफेनमध्येही बहुतेक लोक जर्मनच बोलतात. भाषेची सीमा सरकली, नाव जागच्या जागी राहिलं. म्हणून गावाच्या नावावरून आजची बोली ठरवू नये. नाव पडलं तेव्हाची बोली मात्र त्यावरून कळते.

न कळणाऱ्या बोलण्याला ‘काउडरवेल्श’ आणि चोर-भटक्यांच्या गुप्त बोलीला ‘रोटवेल्श’ म्हणतात. परदेशातून आलेल्या वस्तूंनाही हे विशेषण लागलं: मका ‘वेल्शकोर्न’, टर्की कोंबडा ‘वेल्शर हान’. अमेरिकेतून आलेल्या झाडाच्या शेंगांना आपण विलायती चिंच म्हणतो, तशातला प्रकार. मका आणि टर्की दोन्ही अमेरिकेचे. ‘वेल्श’ म्हणजे इथे फक्त ‘बाहेरचं’.

उत्तरेला हेच नाव डचमध्ये ‘वाल्स’ आणि फ्रेंचमध्ये ‘वालों’ झालं. वालोन हे नाव जुनं, पण प्रदेशासाठी ‘वालोनी’ हा शब्द १८४४ साली प्रथम छापला गेला.

पूर्वमेघ

माझ्या मते खरी मौज स्लाव्ह भाषांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्लाव्हांनी हा शब्द जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतला. आद्यरूप *वोल्ख. पुढे स्लाव्ह भाषांत ‘स्वर + ल + व्यंजन’ अशी जुळणी मोडली गेली, आणि ती प्रत्येक गटाने वेगळ्या रीतीने मोडली. चेक आणि दक्षिणेकडच्या भाषांत ‘ल’ पुढे सरकला: व्लाख, व्लाह. पोलिशमध्ये ‘ओ’ टिकला: व्वोख. पूर्वेकडे, म्हणजे रशियन-युक्रेनियनमध्ये, ‘ल’च्या दोन्ही बाजूंना स्वर आला: वोलोख.

हा साचा पडताळायला दुसरा शब्द घ्या, ‘राजा’. तो फ्रँक सम्राट शार्लमेनच्या ‘कार्ल’ या नावावरून आला असं मानतात. चेक ‘क्राल’, पोलिश ‘क्रूल’, रशियन ‘करोल’. तीच तीन वळणं, फक्त ‘ल’च्या जागी ‘र’. शार्लमेन ८१४ साली वारला, म्हणजे त्याच्या काळापर्यंत हा बदल चालू होता, आणि ‘वोल्ख’ त्याआधीच स्लाव्ह भाषांत आला होता.

आता पोलिशमध्ये एक सुंदर गुंता होतो. घरचं रूप ‘व्वोख’, अर्थ इटालियन माणूस. पण पूर्वेच्या शेजाऱ्यांकडून ‘वोवोख’ हे रूपही आलं, अर्थ रोमानियाकडचा माणूस. एकाच शब्दाची दोन रूपं, दोन वाटांनी आलेली, दोन राष्ट्रांना वाटून दिलेली. त्यांवरून झालेले ‘व्वोश्चिझ्ना’ आणि ‘वोवोश्चिझ्ना’ हे शब्द लिहिताना सहज गल्लत होते. दुसऱ्याचा अर्थ वालाखिया प्रांत. पहिल्याचा अर्थ सूपात घालायची भाज्यांची जुडी: गाजर, पार्सलीचं मूळ, सेलरीचा कंद, लीक आणि बहुधा कोबीची फोड. या भाज्यांचं श्रेय परंपरेने राणी बोना स्फोर्झाला देतात. ती १५१८ साली इटलीतून लग्न होऊन पोलंडला आली.

हंगेरियननेही अशीच वाटणी केली, पण निराळ्या युक्तीने. शब्दारंभी ‘व्ल’ ही जोडी हंगेरियन जिभेला चालत नाही, म्हणून आरंभी ‘ओ’ आला. ‘व्लाह’चं झालं ‘ओलाह’, म्हणजे रोमानियन. दक्षिण स्लाव्हमध्ये याचं अनेकवचन ‘व्लासी’, कारण ‘इ’पुढे ‘ह’चा ‘स’ होतो. त्या अनेकवचनावरून आलं ‘ओलास’, म्हणजे इटालियन. एका राष्ट्राचं नाव एकवचनातून, दुसऱ्याचं अनेकवचनातून. तुर्कीनेही आरंभी स्वर जोडूनच वालाखियाचं ‘एफ्लाक’ केलं.

बाल्कनमध्ये अर्थ आणखी वळला. डोंगरात मेंढ्या राखणारे लोक बहुतांशी रोमान्स भाषा बोलत, म्हणून ‘व्लाह’ म्हणजे मेंढपाळ. बायझंटाइन इतिहासात त्यांचा उल्लेख ९७६ सालच्या एका घटनेत येतो: बल्गेरियाचा पुढे झार झालेला सामुइल, त्याचा भाऊ दाविद कास्टोरिया आणि प्रेस्पा यांच्या दरम्यान व्लाहांच्या हातून मारला गेला. ग्रीकमध्ये ‘व्लाखोस’ आज खेडवळ माणसालाही म्हणतात. हब्सबर्ग सम्राट फर्डिनांड दुसरा याने १६३० साली सरहद्दीवरच्या व्लाहांसाठी खास सनद काढली, तोवर त्यांतले बरेच लोक स्लाव्ह भाषा बोलत होते. चेक देशातल्या मोराव्हियात ‘वालाश्स्को’ नावाचा प्रदेश आहे. कार्पेथियन पर्वताच्या धारेने मेंढपाळ तिथवर पोहोचले, त्यांच्याबरोबर चीजसाठीचा रोमानियन शब्द ‘ब्रिन्झा’ही गेला. आज तिथे चेकच बोलतात. इथे नाव वंशाचं राहिलं नाही, धंद्याचं झालं.

जर्मनमध्ये खच्ची केलेल्या घोड्याला ‘वालाख’ म्हणतात, तेही वालाखियाहून असे घोडे येत म्हणून.

रानवाट

मग अक्रोड? वॉलनटला या सगळ्यात जागा कुठे?

कोशवाचक

अक्रोड उत्तरेकडच्यांना दक्षिणेकडून, रोमन मुलखातून मिळाला. त्यांच्या ओळखीचं फळ हेझलनट; हे दुसरं, ‘परक्यांचं’. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्ह्नुतु’, जर्मन ‘वाल्नुस’, डच ‘वाल्नोत’. लॅटिनमध्येही त्याला ‘गॉलचं कठीण कवचाचं फळ’ अशा अर्थाचं नाव होतं. पोलिशमध्ये ‘ओझेख व्वोस्की’ म्हणजे इटालियन, चेकमध्ये ‘व्लाश्स्की ओझेख’, युक्रेनियनमध्ये ‘वोलोस्की होरिख’. रशियनने मात्र ते ‘ग्रीक’ ठरवलं: ‘ग्रेत्स्की ओरेख’. ‘वॉल’ म्हणजे भिंत, कवच भिंतीसारखं टणक म्हणून वॉलनट, हे स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. भिंतीचा ‘वॉल’ लॅटिन ‘वाल्लुम’वरून, म्हणजे तटबंदीवरून, आलेला वेगळा शब्द.

देवनदी

एक गोष्ट अजून कुणी मांडली नाही, आणि मला ती सर्वात मोलाची वाटते. ज्यांना हे नाव लागलं त्यांनी ते स्वतःसाठी क्वचितच घेतलं. वेल्श लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणतात. मूळ अर्थ ‘एका मुलखाचे सोबती’. उत्तर इंग्लंडच्या ‘कंब्रिया’त तेच नाव आहे. (प्राचीन सिमेरियन लोकांशी त्याचा संबंध जोडणं ही जुनी चूक.) वालाखियाचे लोक आपल्या देशाला ‘त्सारा रोम्नेआस्का’, रोमनांची भूमी, म्हणत. स्विस डोंगरांतली भाषा ‘रुमान्च’, बाल्कनमधले व्लाह स्वतःला ‘अर्मन’ म्हणवतात. बाहेरून ‘वाल्ह’, आतून ‘रोमन’. वालोन हा मोठा अपवाद: त्यांनी परक्यांनी दिलेलं नाव आपलं मानलं आणि अभिमानाने मिरवलं.

आणि @अर्थमाग, तुमच्या गुलामीच्या मुद्द्याला वालाखियात उलटा जोड आहे. तिथे ‘रुमन’ हे लोकांचं स्वतःचं नावच जमिनीला बांधलेल्या कुळाला लागलं. ही वेठ तिथला शासक कॉन्स्टंटिन माव्रोकोर्दात याने १७४६ साली रद्द केली. सत्ता वरची असली की परक्याने दिलेलं आणि स्वतःचं, दोन्ही नावं खालच्या पायरीवर ढकलली जातात.

आपल्याकडे ‘फिरंगी’ शब्दाने असाच प्रवास केला. फ्रँक टोळीचं नाव अरबी-फारसीतून आलं आणि मराठी कागदपत्रांत पोर्तुगीजांना चिकटलं.

अर्थमाग

इंग्लंडमधल्या ‘वॉल्टन’ नावाच्या गावांबद्दल विचारणा येईलच, म्हणून पडताळायची रीत देऊन ठेवतो. आजच्या रूपावरून काहीही ठरत नाही, कारण तीन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन मिसळलेत: ‘वाला’ (वेआल्हांचे), ‘वेआल्द’ (रान) आणि ‘वेआल’ (भिंत).

आधी गावाची सर्वात जुनी नोंद काढा. बहुतेक गावांसाठी ती १०८६च्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत, सापडते. १९२३ साली स्थापन झालेली इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी परगण्यांवार खंड काढते, त्यांत प्रत्येक गावाची जुनी रूपं सालांसकट दिलेली असतात. मग मधला स्वर पाहा. ‘वालेतून’, ‘वालेटन’ असा मध्ये ‘ए’ सातत्याने दिसत असेल तर तो षष्ठीच्या अनेकवचनाचा अवशेष, म्हणजे ‘वेआल्हांचं गाव’. मध्ये ‘द’ दिसला तर रान. सुरुवातीपासून स्वर नाहीच, तर भिंत किंवा रान, आणि तिथे जागा पाहावी लागते: रोमन तटबंदीचे अवशेष आहेत का. एकाच नोंदीवर विसंबू नका. डोम्सडेचे लेखक नॉर्मन होते आणि इंग्रजी नावं कानाला जशी लागली तशी लिहीत. १२व्या-१३व्या शतकातली आणखी दोन-तीन रूपं जुळली तरच खात्री धरा.

लिव्हरपूलसमोरचं वॉलसी याचा चांगला नमुना आहे. डोम्सडेत ते ‘वालेआ’, म्हणजे वेल्शांचं बेट. शेवटचा ‘ए’ म्हणजे बेट हे विसरलं गेल्यावर बेटाचा शब्द पुन्हा एकदा जोडला गेला.

आडनावांत वॉलेस, वॉल्श, वेल्च आणि इंग्रजी वॉलिस हे सगळे याच कुळातले. स्वित्झर्लंडचा ‘वालिस’ परगणा मात्र नाही: तो लॅटिन ‘वाल्लिस’, म्हणजे खोरं, यावरून आला, आणि फ्रेंचमध्ये त्याला ‘वाले’ म्हणतात. जर्मानिक ‘व’ असता तर इथेही ‘ग’ दिसायला हवा होता.